गोव्यातले लग्न: सही, देव, घर आणि नवरा-बायको (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात एकच लग्न दोनदा लागते. एकदा तालुक्याच्या नागरी निबंधकाच्या टेबलावर आणि एकदा मांडवात. टेबलावरचे लग्न कायदा मानतो, मांडवातले घर मानते. नवरा-बायकोत पुढे जे खटके उडतात, त्यांतले कितीतरी या दोन लग्नांमधल्या फटीतून येतात. कायद्याने निम्म्या मालमत्तेची धनीण असलेली सून चवथीला (गणेशचतुर्थीला) माहेरी जायला परवानगी मागते आणि वडिलांच्या घरात बरोबरीचा वाटा असलेल्या लेकीचे नाव देवळाच्या महाजन यादीत (देवस्थानावर हक्क असलेल्यांच्या यादीत) नसते. खालची उत्तरे मुख्यतः गोव्यातल्या हिंदू घरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

सही झाली म्हणजे लग्न झाले का?

पहिल्या सहीने नाही, दुसऱ्या सहीने होय.

पहिल्या सहीला दोघे साक्षीदार घेऊन नागरी निबंधकाकडे जातात आणि लग्न करण्याचा इरादा नोंदवतात. मग कुणाची हरकत असल्यास कळावे म्हणून नोटीस लागते. दहा-पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर दोघांनी पुन्हा जाऊन दुसरी सही करायची. त्या क्षणी कायद्याने तुम्ही नवरा-बायको झालात. अक्षता, होम, सप्तपदी यांतले काहीही अजून झालेले नसले तरी.

लोक फसतात ते इथे. साखरपुडा झाला, हॉल मे महिन्याचा मिळाला, मुलाची सुट्टी ठरलेली, मग ‘सह्या तेवढ्या उरकून घेऊया’ म्हणून डिसेंबरातच दोन्ही सह्या होतात. मुलीच्या घरी सगळे म्हणतात, लग्न अजून व्हायचे आहे. मुलगी माहेरीच राहते. कागदावर ती विवाहित असते. मधल्या पाच महिन्यांत काही बिनसले की दोन्ही घरे ‘साखरपुडा मोडला’ म्हणतात. प्रत्यक्षात मोडायचे असते लग्न, आणि त्यासाठी न्यायालयात जावे लागते.

आमचे सांगणे स्पष्ट आहे. पहिली सही आधी करा, दुसरी सही मांडवाच्या आदल्या आठवड्यात करा. परदेशी व्हिसासाठी लवकर दाखला हवा असेल, तर दोन्ही घरांतल्या मोठ्यांना बसवून सांगा: या तारखेपासून ही दोघे नवरा-बायको आहेत.

दुसरी सही झाली, मांडव पडला नाही, आणि आता दोघांनाही नको आहे. मग?

फक्त एकमेकांची भेटवस्तू परत करून हे संपत नाही. लग्न रद्द ठरवण्यासाठी किंवा घटस्फोटासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. कोणता मार्ग लागू पडतो ते वकिलाला कागद दाखवून ठरवा. तो हुकूम झाल्यावर विवाह नोंदीवर त्याचा शेरा पडला पाहिजे. हे न करता दुसरीकडे स्थळ ठरवले, तर नव्या पहिल्या सहीच्या वेळी जुनी नोंद समोर येते आणि तेव्हा मुलीला जे ऐकून घ्यावे लागते, ते मुलाला सहसा ऐकावे लागत नाही. म्हणून मुलीच्या पालकांनी तर हे काम अजिबात मागे टाकू नये.

सहीला जाताना काय न्यावे?

दोघांचे जन्मदाखले, रहिवासी दाखला, आधार कार्ड, फोटो आणि साक्षीदारांची ओळखपत्रे. आधी लग्न झालेले असेल तर घटस्फोटाचा हुकूम किंवा जोडीदाराचा मृत्यूदाखला. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे. कार्यालयागणिक एखाददुसरा कागद जास्त मागतात, म्हणून आधी एक फेरी मारून यादी लिहून आणा.

सगळ्यात जास्त खोळंबा नावाने होतो. आजोबांच्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाने, वडिलांच्या दाखल्यात इंग्रजी वळणाने आणि आधारवर तिसरेच. लग्नाच्या तीन-चार महिने आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि अक्षर अन् अक्षर जुळते का ते बघा.

‘बायकोचा निम्मा वाटा’ म्हणजे नेमके काय?

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू आहे. १९६१ च्या मुक्तीनंतरही तो चालू ठेवला गेला. हिंदू विवाह कायदा, १९५५ गोव्याला लावलेला नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप एकत्र होते: लग्नाआधी ज्याचे जे होते ते, लग्नानंतर कमावले ते आणि वारशाने आले तेही. त्या सगळ्यात दोघांचा निम्मा निम्मा अविभक्त हक्क. देताना किंवा वारसा ठेवताना ‘हे फक्त याचेच राहील’ अशी अट घातलेली मालमत्ता यातून वगळली जाते.

यातून रोजच्या व्यवहारात काय घडते ते बघा. नवऱ्याच्या नावावरचा प्लॉट विकायचा तर बायकोची सही लागते. बँकेत घर तारण ठेवायचे तर बायकोला बोलावतात. ‘ती घरी असते, तिला काय कळते’ म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी तिला गाडीत बसवून उपनिबंधकाकडे न्यावे लागते.

मात्र सहीचा हक्क आणि बोलण्याचा हक्क एक नव्हे. कितीतरी बायका एस्क्रितूर (खरेदी-विक्रीचा दस्त) न वाचता, नवरा बोट ठेवेल तिथे सही करून परत येतात. सही करण्यापूर्वी निदान चार गोष्टी विचाराव्या: सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्रफळ किती, पैसे कुणाच्या खात्यात येणार, आणि आपण राहतो ते घर यात आहे का. नवऱ्यावर अविश्वास म्हणून हे विचारायचे नाही. मालक म्हणून विचारायचे.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गोमंतकीयाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला हाच कायदा लागू होतो. पुण्यातला फ्लॅट वेगळा, असे समजून चालू नका.

सासू-सासऱ्यांना वाटते, सून आली की घराचा निम्मा भाग गेला. खरे आहे?

नाही. आई-वडील जिवंत असताना घर त्यांचे आहे, मुलाचे नाही. जे मुलाचेच नाही त्यात सुनेचा वाटा कुठून येणार? वडील गेल्यावरही त्यांचा निम्मा भाग तेवढा वारसांत वाटला जातो, आईचा निम्मा आईकडेच राहतो. ही एक गोष्ट नीट समजली तर कितीतरी सासवांची झोप परत येईल आणि सुनेकडे बघण्याची नजर बदलेल.

मूल नसेल आणि नवरा वारला, तर बायकोला सगळे मिळते का?

तिचा स्वतःचा निम्मा तिच्याकडे राहतो. नवऱ्याचा निम्मा आधी त्याच्या आई-वडिलांकडे, ते नसतील तर भावंडांकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जातो. वारसांच्या क्रमात बायको त्यांच्यानंतर येते. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. म्हणून मूल नसलेल्या जोडप्याने इच्छापत्र टाळू नये. आई-वडील हयात असतील तर प्रत्येकाला आपल्या हिश्शाच्या अर्ध्याबद्दलच इच्छापत्र करता येते, कारण उरलेला अर्धा कायद्याने त्यांच्यासाठी राखीव असतो. फक्त भावंडे असतील तर सगळा हिस्सा जोडीदाराला देता येतो.

लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार मागितला तर नाते बिघडते का?

कसा मागता यावर आहे. हा करार नोंदणीकृत दस्ताने, लग्नाआधीच करावा लागतो. लग्न लागल्यावर पद्धत बदलता येत नाही, दोघांची इच्छा असली तरी. म्हणून पहिल्या सहीपूर्वी दस्त तयार ठेवा आणि सहीच्या वेळी तसे सांगा.

मुलाच्या बापाने वकील पाठवून मुलीकडच्यांपुढे कागद ठेवला, की तो अपमान वाटतो आणि ती आठवण लग्नभर राहते. मुलाने मुलीशी आधी स्वतः बोलावे आणि कारण सांगावे: धंद्यावर कर्ज आहे, त्याची झळ तुला नको, किंवा आधीच्या लग्नातले मूल आहे, त्याचे घर सुरक्षित ठेवायचे आहे. ही कारणे खरी आणि सांगण्यासारखी आहेत. ‘आमच्या घरात असेच करतात’ हे कारण नव्हे. मुलीनेही स्वतंत्र वकिलाकडून दस्त वाचून घ्यावा.

माहेरच्या घरावर भाऊ ‘हक्क सोड’ म्हणून सही मागतो. नवऱ्यालाही का बोलावतात?

गोव्यात लेकीचा वाटा लेकाइतकाच. मालमत्तेचा अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो, इच्छापत्र करूनही आई-बापाला लेकीला त्यातून पूर्ण बाहेर काढता येत नाही. मग वडिलांच्या तेराव्यानंतर भाऊ कागद घेऊन येतो. दोघांची मालमत्ता एकत्र असल्याने बहिणीच्या सहीबरोबर जावयाची सही लागते.

इथे नात्यांचा गुंता होतो. बहिणीला भावाशी संबंध ठेवायचे असतात: भाऊबीज असते, मुलांना मामा हवा असतो, आजारपणात कुळार (माहेर) हाच आधार असतो. ‘घर नाही घेतले तरी दार उघडे राहू दे’ हा तिचा हिशेब असतो आणि तो वेडेपणाचा नाही. नवऱ्याचा हिशेब वेगळा असतो. तो सहीला नाही म्हणाला की भाऊ म्हणतो जावयाने भडकवले; हो म्हणाला की पुढे कधीतरी बायकोलाच ऐकवतो, ‘तुझ्यासाठी सोडले’. दोन्हीकडून भरडली जाते ती.

तीन गोष्टी पाळा. पहिली, आई-बाप जिवंत असताना त्यांच्या वारशाचा हक्क सोडता येत नाही. तसा कागद कुणी आणला तर सही करू नका. दुसरी, सोडायचेच असेल तर काय सोडतो याची किंमत आधी काढा. न मोजता दिलेले दान पुढे सलत राहते. तिसरी, सगळे किंवा काहीच नाही असे नसते. मूळ घर भावाला ठेवून भाटातला (बागायतीतला) एखादा तुकडा किंवा रक्कम घेता येते, आणि आईला मरेपर्यंत राहण्याचा हक्क दस्तात लिहून घेता येतो. ही तडजोड इन्व्हेंतारच्या (वारसा वाटणीच्या) खटल्यात वर्षे घालवण्यापेक्षा सगळ्यांना परवडते.

देवळाची महाजनकी आणि गावकरी सुनेला किंवा लेकीला मिळते का?

महाजनकी म्हणजे देवस्थानावरचा हक्क, गावकरी म्हणजे गावच्या सामाईक जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क. परंपरेने दोन्ही पुरुष वंशातून चालतात. गावकरीचा जोण (उत्पन्नातला वाटा) मुलग्याच्या नावावर सुरू होतो. लेक लग्न होऊन गेली की ज्या देवीसमोर ती लहानाची मोठी झाली, तिथे ती ‘कुळावी’ (त्या देवीच्या कुळातली) न राहता पाहुणी होते आणि नवऱ्याचे कुलदैवत तिचे होते.

कागदाने बदलणारे हे नसले तरी घराने बदलण्यासारखे बरेच आहे. माहेरच्या जत्रेला लेकीने ओटी भरायला यावे, जावई आणि नातवंडांनी यावे, हे दोन्ही घरांनी आधीच मान्य करून टाकावे.

पत्रिका जुळली, पण देवाने कौल दिला नाही. काय करायचे?

कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची महालसा अशा देवळांत किंवा गावच्या ग्रामदेवाकडे प्रसाद लावून विचारण्याची रीत आहे. भटजी मूर्तीला पाकळ्या लावतात, यजमान प्रश्न सांगतो आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते त्यावर होकार किंवा नकार समजतात.

श्रद्धेचा मान ठेवून सांगतो, वेळ चुकवू नका. मुले वर्षभर भेटत असताना, दोन्ही घरांत येणे-जाणे झाल्यावर, कधी कधी पहिली सही झाल्यावर कौल लावला जातो. मग नकार आला की तो देवाच्या नावावर जातो आणि मुलगी कायमची ‘देवाने नाकारलेली’ ठरते. त्या मुलीवर हा फार मोठा अन्याय आहे. तुमच्या घरात कौल लागतोच, तर तो बोलणी सुरू होण्याआधी लावा. मुलांनी ठरवलेलेच असेल, तर प्रश्न ‘करावे का’ असा न ठेवता ‘सुखाने पार पडू दे’ असे गाऱ्हाणे घाला. देवासमोर दोन्ही चालते.

पहिल्या चवथीवरून दोन्ही घरांत रुसवे-फुगवे का होतात?

कारण गोव्यात चवथ हा वर्षाचा हिशेब असतो. कोण आले, कोण नाही, कुणी काय आणले, हे पुढच्या चवथीपर्यंत बोलले जाते. पणजी-मडगावच्या फ्लॅटला कुलूप लावून सगळे मूळ घरी जातात. तीन भाऊ, तीन जावा, एक चूल आणि एक न्हाणी.

पहिल्या वर्षी मुलीच्या माहेराहून ओझे येते. नारळ, केळ्यांचे घड, तोरिंगण, चिबूड, माटोळीसाठी सुपारीचे घोस आणि आंबाडे, शिवाय नेवऱ्या, लाडू, खाजे. माटोळीची लाकडी चौकट गणपतीच्या डोक्यावर टांगलेली असते. तिला सुंभाने एकेक फळ बांधताना ‘हे सुनेच्या घरचे’ असे म्हणून दाखवले जाते. ओझे भरगच्च असले की सुनेची मान ताठ, कमी असले की स्वयंपाकघरात कुजबुज. ही भेट मुळात आनंदाची आहे. तिची यादी सासरहून गेली, की ती मागणी होते, आणि मागून घेणे हे हुंड्याच्याच वाटेवरचे पाऊल आहे.

नवऱ्याने एक काम स्वतः करावे. जुलैतच दोन्ही घरी फोन करून दिवस ठरवावे. सासरी गणपती दीड दिवसाचा असेल तर विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी दोघांनी माहेरी जावे. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर मधला एक दिवस काढावा. हा निरोप सुनेच्या तोंडून गेला तर ती ‘माहेराकडे ओढणारी’ ठरते. मुलाने सांगितले तर कुणी काही बोलत नाही. आणि कामाची वाटणी आधीच करा. आदोळीवर वीस-पंचवीस नारळ खोवायचे असतात, त्यातले दहा एखाद्या मुलग्याने खोवले तर बिघडत नाही.

सून महाराष्ट्रातून आलेली आहे. भाषा आणि जेवण यांत काय सांभाळायचे?

घरात बोलणे कोंकणीत, आरती, कीर्तन आणि वर्तमानपत्र मराठीत, असे हिंदू घरांत सर्रास असते. सुनेला शब्द कळतात, सूर कळत नाही. कोंकणीतले एकेरी संबोधन तिला तुसडे वाटते, घरच्यांना ते मायेचे असते. सासूने हे पहिल्या आठवड्यात सांगून टाकावे.

जेवणात रोजचे हुमण (माशांची आमटी) न खाणाऱ्या मुलीला निदान वासाची सवय व्हायला वेळ लागतो. सोमवार, श्रावण, एकादशी हे शिवराकाचे (शाकाहाराचे) दिवस तिला आधार देतात. मासळी साफ करायला पहिल्या महिन्यातच बसवणे ही परीक्षा कशाला?

नवरा बोटीवर किंवा आखातात असतो. संसार कसा चालतो?

सहा ते नऊ महिन्यांचे कंत्राट, मग दोन-तीन महिने घरी. बाई या काळात घर, बँक, मुलांची शाळा, सासऱ्यांचे औषध सगळे एकटी चालवते. नवरा परतला की पहिल्या आठवड्यात आनंद आणि तिसऱ्या आठवड्यात भांडण: तो निर्णय घेऊ लागतो आणि तिची बसलेली घडी विस्कटते. हे जवळजवळ प्रत्येक तारवटी (बोटीवर काम करणाऱ्याच्या) घरात घडते. एकमेकांत खोट आहे असे समजू नका.

जाण्याआधी: दोघांचे संयुक्त खाते, महिन्याची रक्कम थेट बायकोच्या खात्यात (भावाच्या किंवा वडिलांच्या नव्हे), आणि मर्यादित कामांसाठी नोंदणीकृत मुखत्यारपत्र. कारण दस्तावर नवऱ्याची सही लागेल तेव्हा तो समुद्रात असतो. परतल्यावर पहिले पंधरा दिवस त्याने घराचा क्रम नुसता बघावा, बदलू नये.

हिंदू-ख्रिस्ती लग्न करायचे आहे.

नागरी कायदा दोघांना एकच, त्यामुळे दोन सह्यांनी लग्न होऊ शकते. धर्म बदलण्याची गरज नाही. चर्चमध्येही करायचे असेल तर बिशपांची परवानगी लागते आणि कॅथलिक जोडीदाराला मुलांचा बाप्तिस्मा करण्यासाठी शक्य ते सारे करीन असे वचन द्यावे लागते. हे वचन दुसऱ्याला माहीत असले पाहिजे. मुलांचे नाव, बारसे की बाप्तिस्मा, चवथ आणि नाताळ कुठे, यावर सहीपूर्वी बोला. मूल पोटात असताना हे विषय काढले की बोलणे आजी-आजोबांच्या हाती जाते.

लग्नानंतर नाव बदलावेच लागते का?

नाही. तांदळात नवे नाव लिहिणे ही रीत आहे, कायदा नव्हे. रीत पाळा, कागदावर जन्माचे नाव राहू द्या. पुढे पासपोर्ट आणि वारशाच्या वेळी त्रास वाचतो.

आयकरात नवरा-बायकोचे उत्पन्न अर्धे अर्धे का दाखवतात?

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५ए आले ते याच एकत्र मालमत्तेमुळे. पगार सोडून भाडे, धंदा, व्याज, भांडवली नफा हे उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. पगार ज्याचा त्याचा. बायकोचे पॅन कार्ड नसेल तर इथे अडते, म्हणून ते काढून घ्या.

मारहाण होते. ‘चार भिंतींतली गोष्ट’ म्हणून गप्प राहायचे?

नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा गोव्यालाही लागू आहे. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीचा क्रमांक. सरकारी दवाखान्यात जखम दाखवून कागद घ्या. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क न्यायालयाकडून मागता येतो. माहेरच्यांनी ‘थोडे सोस’ म्हणू नये. ज्या रात्री तिने फोन केला, त्याच रात्री गाडी काढावी.

घटस्फोट कसा होतो?

१९१० च्या कायद्याने गोव्यात हिंदूंनाही घटस्फोटाचा मार्ग खुला झाला, उर्वरित भारताच्या कितीतरी आधी. परस्पर संमतीने हवा असेल तर लग्नाला दोन वर्षे झालेली आणि दोघांची पंचविशी पूर्ण हवी. एकाच्या अर्जावर हवा असेल तर व्यभिचार, क्रूर वागणूक, तीन वर्षे सोडून जाणे, दहा वर्षे वेगळे राहणे अशी कारणे कायद्यात दिली आहेत.

हुकूम झाल्यावर मालमत्तेची वाटणी वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. हा टप्पा बरेच जण सोडून देतात. मग वीस वर्षांनी घर विकताना जुन्या जोडीदाराची सही शोधत फिरावे लागते. हुकुमाची प्रमाणित प्रत घ्या, ज्या निबंधकाकडे सह्या केल्या होत्या त्याच कार्यालयात ती द्या आणि विवाह नोंदीच्या समासात शेरा पडलेला उतारा हातात घेऊनच बाहेर या.